लाल फोन आणि करपलेली खीर

शीतयुद्ध हा माझा धडा आहे. आमच्या भागातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी वीसेक वर्षं इतिहास शिकवतेय. बाकीचे धडे मी नुसते शिकवते, हा मात्र रंगवून सांगते. फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायची, एका बाजूला अमेरिका, दुसऱ्या बाजूला सोव्हिएत रशिया, आणि मग सुरुवात. हिरोशिमा, नागासाकी. चार वर्षांत रशियाचा बॉम्ब. मग अमेरिकेचा त्याहून मोठा हायड्रोजन बॉम्ब, की पाठोपाठ रशियाचाही. मग विमानं, क्षेपणास्त्रं, पाणबुड्या. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास असला तरी या धड्याला कोणी पेंगत नाही.

दरवर्षी कोणीतरी एक प्रश्न विचारतंच. मॅडम, थोड्याशा बॉम्बनी जग बुडणार होतं, तर दोघांनी हजारोंनी कशाला बनवले? पुस्तकात याचं उत्तर सत्तासंतुलन असं दिलेलं आहे. मी त्यांना वाटीची गोष्ट सांगते. शेजारणीनं वाटीतून काही पाठवलं तर वाटी रिकामी परत द्यायची नाही, ही आपली रीत. तिनं सुकटीची चटणी पाठवली, आपण त्याच वाटीत कोंबडीचा रस्सा घालून दिला. आता रश्श्याला उत्तर म्हणून तिला पुन्हा चटणी कशी पाठवता येईल? ती मटण पाठवणार. मग आपण वाटी सोडून डब्यावर येणार. दोन्ही घरांत खाणारी तोंडं तेवढीच, पण फ्रिजमध्ये जागा उरलेली नाही. आणि थांबायचं कोणी? जी थांबेल ती हरली. पोरं हसतात आणि त्यांना मुद्दा कळतो. ही शेजारीण कोण, ते मी वर्गात सांगत नाही. ती माझी नणंद आहे.

माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी त्यांना ताई म्हणते, अहोजाहो करते, आणि त्या मला मास्तरीण म्हणतात. त्यांचे यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले. मूलबाळ नव्हतं. त्या माहेरी परत आल्या, खालापूरला तहसील कचेरीत नोकरी केली आणि मानानं निवृत्त झाल्या. लोधिवलीच्या अलीकडे आमचं घर आहे. ओटी एकच, दारं दोन. एका दारात ताई, दुसऱ्या दारात आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि आमची एकुलती मुलगी. नवरा रसायनीच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो, त्यामुळे घरातल्या बहुतेक भानगडी तो झोपलेला असताना होतात. जागा असला तरी तो कोणाचीच बाजू घेत नाही. अलिप्ततावादाचा धडा शिकवताना मला त्याचाच चेहरा आठवतो.

मला ताईंचा हेवा वाटतो. हे सरळच सांगून टाकते, कारण झाकून ठेवलं तरी ते माझ्या तोंडावर दिसतं असं नवरा म्हणतो. आधी हेवा वाटायचा तो त्यांच्या आवाजाचा. चौदा एप्रिलला विहारात कार्यक्रम असला की सूत्रसंचालन त्यांचंच. खळ घातलेली पांढरी साडी नेसून त्या उभ्या राहिल्या, जयभीम म्हणाल्या, की मागची पोरंटोरंसुद्धा गप्प होतात. माईक बंद पडला तरी कोणाला पत्ता लागत नाही. माझा आवाज पातळ आहे, तिसऱ्या तासाला चिरकतो. आयुष्यभर बोलण्याची भाकरी खाल्ली मी, आणि आवाज मिळाला त्यांना, ज्यांनी कचेरीत सातबाराचे उतारे काढले.

तेही मी चालवून घेतलं असतं. पण मुलगी त्यांची झाली, हे मला सहन होत नाही. सुरुवात बारशापासून झाली. मी एक नाव ठरवून ठेवलं होतं. नवऱ्याला पसंत होतं, माझ्या आईनं तर त्या नावाची सोन्याची अक्षरंही बघून ठेवली होती. नाव ठेवायचा मान आत्याचा. ताई पाळण्यावर वाकल्या, बाळाच्या कानात भलतंच नाव सांगितलं, बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले, आणि झालं. माझ्या पोटच्या पोरीला मी आजवर त्यांनी ठेवलेल्या नावानं हाक मारत आले. नाव चांगलं आहे. सगळे म्हणतात चांगलं आहे, तेव्हा तर अंगाचा आणखीच तिळपापड होतो.

मग वाढदिवसाचे फ्रॉक. मी पनवेलहून आणायची, त्या मशीनवर शिवायच्या. पोरगी सकाळी माझा घालायची आणि संध्याकाळी केक कापताना त्यांचा. फोटो संध्याकाळचे असतात. त्या निवृत्त झाल्यावर तर सारखं झालं. शाळेची बस दाराशी थांबली की मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत उभी राहायची. पोरगी उतरायची, दप्तर आमच्या दारात टाकायची आणि त्यांच्या दारात शिरायची. दप्तर मला, पोरगी त्यांना.

गेल्या वर्षी मुलगी अकरावीत गेली, कर्जतला, विज्ञान शाखेत. इतिहास सुटला म्हणून मी जरा हिरमुसले होते. आणि अचानक पावसाळा सरता सरता तिनं येऊन सांगितलं की खोपोलीला आंतरकॉलेज वक्तृत्व स्पर्धा आहे, तिनं नाव दिलंय, आणि चार विषयांतून तिनं महासत्तांची स्पर्धा आणि अण्वस्त्रं हा विषय घेतलाय. मला इतका आनंद झाला की मी तेल तापत ठेवलंय हेही विसरले. पर्यावरण होता, मोबाईलचं व्यसन होतं, महिला सबलीकरण होतं. ते सगळं सोडून तिनं माझा धडा उचलला होता. मला वाटलं, आता ही माझ्याकडे आली. आवाज, फ्रॉक, नाव, सगळं ताईंनी न्यावं, पण या एका विषयात त्यांचं काय चालणार होतं?

वक्तृत्व स्पर्धेची आपल्याकडे एक पद्धत असते, ती ठाऊक असणाऱ्यांना ठाऊक असते. भाषण पोरं बोलतात, पण लिहितं कोणीतरी मोठं माणूस, आणि नंबर आला की पोराबरोबर त्या मार्गदर्शकालाही मंचावर बोलावतात. त्याला गुलाबाचं फूल आणि प्रमाणपत्र मिळतं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांसाठी ती फुलं घेतली. या वेळी माझ्या मुलीनं माझं भाषण बोलावं आणि माझं नाव पुकारलं जावं, एवढंच मला हवं होतं. एवढंच म्हणते, पण ते मला फार हवं होतं.

रविवारचा अख्खा दिवस बसून मी भाषण लिहिलं. त्यात काय नव्हतं? जपानवरचे दोन बॉम्ब, बर्लिनची भिंत, क्युबाचा पेच, अणुचाचण्यांवर बंदी घालणारे करार, आणि सोव्हिएत रशियाच कोसळल्यावर अनाथ झालेली हजारो अण्वस्त्रं. शेवट भारतावर आणला. अठ्ठ्याण्णव साली आपण चाचण्या केल्या तेव्हा मी कर्जतला माहेरी होते, बीएच्या दुसऱ्या वर्षाला. संध्याकाळी बातमी आली आणि पेठेत फटाके वाजले. आमच्या गल्लीत पेढे वाटले, मी टाळ्या वाजवल्या, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. त्या अभिमानावर मी भाषण संपवलं होतं. वाक्यं अशी होती की परीक्षकांनी पेन खाली ठेवून ऐकावं.

मुलीनं चार दिवसांत पाठ केलं. मी हातवारे शिकवले, हिरोशिमाला मूठ, शांततेला उघडा तळवा. मग एका संध्याकाळी ती म्हणाली, मी जरा आत्यासमोर म्हणून बघते. आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ आहे. मी कणीक मळता मळता कान देऊन ऐकत होते. मूठ आली असावी, कारण ताईंचा आवाज आला, "हात कशाला गं हलवतीस? माश्या हाकतीस का?" आणि दोघी हसल्या. पोरगी इतकी मोकळी माझ्यासमोर हसत नाही.

त्या दिवसापासून भाषण रोज थोडंथोडं बदलू लागलं. मानवतेच्या छाताडावर रोखलेली संगीन, हे माझं वाक्य पहिलं गेलं. मग करारांची यादी आखूड झाली. मी विचारलं तर म्हणायची, आत्या म्हणते, आपण घरात बोलतो तसं बोल. मी घरात ओरडून बोलते, ते मी तिला सांगितलं नाही.

एकदा मात्र मला संधी सापडली. क्युबाच्या पेचानंतर दोन महासत्तांच्या प्रमुखांनी एकमेकांशी थेट बोलता यावं म्हणून लाल फोन बसवला, असं तिच्या भाषणात आलं. मी जागीच पकडलं. हे कोणी सांगितलं? आत्यानं, टीव्हीवर बघितलं होतं. मी म्हटलं, फोन नव्हताच. लालही नव्हता आणि काळाही नव्हता. एका टोकाला मजकूर टाईप करायचा, दुसऱ्या टोकाला तो कागदावर उमटायचा, अशी यंत्रं होती. बोलताना आवाज चढतो, भाषांतरात घोळ होतो, म्हणून मुद्दामच फोन ठेवला नव्हता. लिहिलेलं माणूस दोनदा वाचतो. मला इतकं बरं वाटलं की तेवढंच सांगायला मी ओटीवरून पलीकडच्या दारात गेले आणि ताईंनाही सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "असंल बाई," त्या म्हणाल्या, "आपल्याला कुठं करायचाय त्यांना फोन." आणि पुढचा खडा बाजूला टाकला. भांडायला कोणी समोर उभंच राहिलं नाही, की जिंकल्यासारखं वाटत नाही.

स्पर्धा आठवड्यावर आली तेव्हा मुलीनं जेवताना विचारलं, "आई, तुला माहितीये, आजीची खीर करपली होती?" आजी म्हणजे माझ्या सासूबाई. माझं लग्न झालं आणि दोन वर्षांत त्या गेल्या, मुलीनं त्यांना पाहिलेलंही नाही. मला काही माहीत नव्हतं. मग तिनं सांगितलं, आणि सांगताना तिनं भाकरीचा तुकडा हातातच ठेवला होता.

अठ्ठ्याण्णव सालच्या त्या चाचण्या झाल्या तो दिवस बुद्धपौर्णिमेचा होता. हे मला ठाऊक होतं, मी ते शिकवतेही. त्याआधीच्या पहिल्या चाचणीच्या सांकेतिक नावातही बुद्ध हसत होता, हेही मी शिकवते. पण त्या संध्याकाळी आमच्या या गावात विहारासमोर खिरीचं मोठं पातेलं चुलीवर होतं, आणि ढवळायला सासूबाई बसल्या होत्या, हे मी कुठून शिकवणार? नुकतंच सगळ्यांनी उभं राहून पंचशील घेतलं होतं, त्यात पहिलंच शील कुठल्या जिवाची हिंसा न करण्याचं. तेवढ्यात कोणीतरी धावत आलं, आपण अणुबॉम्ब फोडला म्हणून. गावात टीव्ही मोजक्या घरांत. सगळे उठून तिकडे पळाले, बायकासुद्धा, सासूबाईसुद्धा. परत आले तोवर खीर खाली लागली होती, वासानंच कळलं. पण ती दानाची खीर, टाकायची कशी? सगळ्यांनी तीच द्रोणात घेऊन खाल्ली. रस्त्यावर फटाके वाजत होते. सासूबाई पातेल्याचा तळ खरवडत होत्या, आणि बातमी कळल्यापासून त्या एकच गोष्ट विचारत होत्या. आजच कशाला?

गोष्ट चांगली होती, त्याचंच मला वाईट वाटलं. त्या दिवशी कर्जतला आमच्या घरीही खीर केली होती. आईनं केली होती, चांगली झाली होती, आणि चांगली झाली म्हणून तिची गोष्ट झाली नाही. इतिहास माझा विषय खरा, पण या घराचा इतिहास ताईंकडे होता आणि त्यांनी तो पोरीला देऊन टाकला होता. माझ्याकडे द्यायला पाठ्यपुस्तक होतं.

"मी शेवट हाच ठेवणार आहे," मुलगी म्हणाली.

मी म्हटलं, हे भावनिक आहे, परीक्षकांना मुद्दे लागतात. तर म्हणाली, "मुद्दे सगळे तुझेच ठेवलेत गं आई. फक्त शेवट आत्याचा." फक्त शेवट. माणसं भाषणाचा फक्त शेवटच लक्षात ठेवतात, हे मी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

जेवण तसंच टाकून मी ओटीवर गेले. ताई पायरीवर बसून पाय चेपत होत्या. मी म्हटलं, "ताई, तिचं भाषण मी लिहिलंय."

"मंग? मी कुठं काय लिवलंय?" त्या म्हणाल्या. "पोरीनं आजीचं इचारलं, मी सांगितलं. आता आजीचं बी तुला इचारून सांगू का गं?"

मी आत आले आणि भांडी जरा जास्तच आवाज करून घासली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते आठवलं की मला माझंच हसू येतं, पण तेव्हा येत नव्हतं. मी मुलीला स्पर्धेसाठी नवा कुर्ता आणला. दुसऱ्या दिवशी ताईंनी त्याला शोभेल अशी ओढणी आणली. मी घशासाठी ज्येष्ठमध उगाळून दिलं, पलीकडून हळदीचं दूध आलं. मी मोबाईलवर नामवंत वक्त्यांची भाषणं शोधून तिला पाठवली, तर ती कर्जतजवळ कोंडाण्याच्या बाजूला ताईंच्या सासरी त्यांच्याबरोबर जाऊन दिवसभर फिरून आली, घसा मोकळा करायला म्हणे. शेवटी मी तिला स्पष्ट विचारलं, तू नक्की कोणाचं ऐकतेस? ती म्हणाली, दोघींचं. मी वर्गात शिकवते ना, भारतानं अमेरिकेचा गहू घेतला आणि रशियाच्या मदतीनं पोलादाचा कारखाना उभारला, दोघांनाही दुखावलं नाही आणि दोघांचंही ऐकलं नाही. हे शिकवताना मला भारताचं कौतुक वाटायचं. घरात तसं वागणारं माणूस असलं की काय होतं, ते कळलं.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही तिघी गेलो. नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट होती. सभागृहात शिरताना नोंदणीचं टेबल होतं, तिथं स्पर्धकानं आपलं नाव आणि मार्गदर्शकाचं नाव सांगायचं होतं. मला त्या रांगेत पोरीच्या शेजारी उभं राहायचं होतं, पण माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली, ती आता तिथंच शिक्षिका आहे, तिनं मला बोलण्यात गुंतवलं. मान वळवून बघितलं तेव्हा मुलगी टेबलापाशी होती आणि ताई तिच्या खांद्यावर हात ठेवून तिच्या कानाशी काहीतरी बोलत होत्या. मी समजून चुकले. त्या आपलं नाव नीट सांगायला सांगत असणार. विद्यार्थिनी काय बोलत होती ते मला पुढे ऐकूच आलं नाही.

मुलीची बोलायची वेळ दुपारी आली. तोवर महिला सबलीकरणानं आणि मोबाईलच्या व्यसनानं सगळे थकले होते. ती उभी राहिली आणि हात न हलवता बोलायला लागली. माझे मुद्दे एकेक करून आले, सगळे बरोबर. आणि मग ती म्हणाली की आपण सगळे लाल फोनची गोष्ट ऐकतो, पण फोन नव्हताच, कारण माणसं रागात असली की बोलण्यापेक्षा लिहिलेलं बरं. माझी मान आपोआप ताठ झाली. मी ताईंकडे बघितलं. त्या मान हलवून हो म्हणत होत्या, जणू त्यांनीच सांगितलं होतं.

मग खीर आली. तिनं ती गोष्ट अगदी साध्या शब्दांत सांगितली. करपलेल्या खिरीचा वास सांगितला, द्रोण सांगितले, रस्त्यावरचे फटाके सांगितले. आजीनं विचारलं, आजच कशाला, एवढं म्हणून ती थांबली आणि नमस्कार करून खाली उतरली. टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. ती आपल्या खुर्चीपर्यंत पोचली तेव्हा वाजल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते ताईंच्या गोष्टीनं आलं म्हणून मला रागही आला. माझा अभिमानाचा शेवट असता तर टाळ्या आधी वाजल्या असत्या, असं मी स्वतःला समजावत बसले. डोळे पुसायला ताईंनी आपला रुमाल पुढे केला. मी माझा पदर वापरला.

तिचा दुसरा नंबर आला. नाव पुकारलं, ती मंचावर गेली, आणि निवेदक म्हणाले, सोबत मार्गदर्शकांनी यावं. मी खुर्चीत अंग चोरून बसले. ताईंना उठायला जागा हवी म्हणून पायही आत घेतले. आणि पुकारलं ते माझं नाव. पूर्ण नाव, वडिलोपार्जित पदवी असावी अशा थाटात प्राध्यापिका वगैरे लावून. एक क्षण मला ते माझं वाटलंच नाही. ताईंनी मला कोपरानं ढोसलं. मी उठले, गुडघा पुढच्या खुर्चीला आपटला, तरी चालत गेले. गुलाब घेतला, प्रमाणपत्र घेतलं, मुलीच्या खांद्यावर हात टाकला. समोर बघते तर ताई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. त्यांच्या टाळ्यांचाही आवाज मोठाच.

परत येताना जुन्या हायवेवर मी दोघींना वडापाव खाऊ घातला आणि वर चहाही. इतकी मोठ्या मनाची मी गेल्या कित्येक वर्षांत झाले नव्हते. ताईंना म्हटलं, खिरीची गोष्ट छान होती हो. जिंकलेल्या माणसाला असं म्हणायला काही लागत नाही. त्या दिवशी ताईंची वाटीही जवळजवळ रिकामीच परत गेली, नुसती चिमूटभर साखर घालून, आणि मला त्यात काही कमीपणा वाटला नाही.

पुढचा आठवडा मी शेखी मिरवण्यात घालवला. स्टाफरूममध्ये प्रमाणपत्र टेबलावर असं ठेवलं की चहाचा कप उचलताना सगळ्यांना दिसावं. घरी तर विचारूच नका. आणि त्या नादात एका संध्याकाळी मी मुलीला नको ते बोलून बसले. ती जीवशास्त्राची आकृती काढत होती. मी म्हटलं, बघ, आत्या आत्या करतेस, पण नाव सांगायची वेळ आली तेव्हा आईच आठवली ना.

तिनं पेन्सिल खाली ठेवली नाही. वरसुद्धा बघितलं नाही. "मी आत्याचंच सांगत होते," ती म्हणाली. "तिनं बदलायला लावलं. तुला सांगू नको म्हणाली होती."

मी विचारलं, काय म्हणाली? खरं तर विचारायला नको होतं.

"म्हणाली, आईचं नाव दे. मला कागद काय करायचाय? मला तू हायेस."

मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच नळ सोडला. माझ्या हातात काय आलं होतं, ते मला तेव्हा कळलं. मला वाटत होतं, मी त्यांच्याकडून काहीतरी हिसकावून घेतलंय. त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं होतं, पोरीनं ताटातली नको असलेली भाजी सरकवावी तसं. राग आला तो त्यांच्या औदार्याचा नाही. औदार्य असतं तर मी तोंडदेखलं का होईना, आभार मानले असते. राग आला तो त्या शेवटच्या तीन शब्दांचा, आणि ते खोटे नव्हते याचा.

दुसऱ्या दिवशी वर्गात नेमका क्युबाचा पेच होता. मी नेहमीप्रमाणे सांगितलं. रशियानं क्युबात क्षेपणास्त्रं नेली, अमेरिकेनं समुद्रात जहाजं उभी केली, जग श्वास रोखून होतं, आणि शेवटी रशियानं क्षेपणास्त्रं मागे घेतली. सगळ्यांनी म्हटलं, अमेरिका जिंकली. पण अमेरिकेनंही तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढून घ्यायचं कबूल केलं होतं, फक्त बोभाटा करायचा नाही या अटीवर. ती गोष्ट पुढे कितीतरी वर्षं बाहेर आली नाही. एका मुलीनं विचारलं, मग मॅडम, खरं कोण जिंकलं? दरवर्षी कोणीतरी हेही विचारतं, आणि दरवर्षी माझ्याकडे उत्तर असतं. या वेळी मी म्हटलं, तुम्ही विचार करून लिहून आणा, आणि तास संपायच्या आधीच वर्गाबाहेर पडले.

त्या रविवारी ताई हातात हातोडी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. कुठून तरी काचेची चौकट आणली होती, त्यात माझं प्रमाणपत्र बसवायला. "किती दिस कपाटावर पाडून ठिवनार गं मास्तरीण?" म्हणाल्या. "हितं लाव, आल्यागेल्याला दिसंल." नवरा झोपला होता. मुलगी त्यांच्याच दारात बसून त्यांच्याच मोबाईलवर काहीतरी बघत होती. ताई स्टुलावर चढल्या. मी खाली उभी राहून खिळे देत होते. नाव त्यांनीच बदलायला लावलं हे मला कळलंय, ते त्यांना माहीत नव्हतं, आणि मी सांगणारही नव्हते. सांगितलं तर आभार मानावे लागले असते. त्यांनी दोन घाव घातले, चौकट टांगली, आणि मागे वळून विचारलं, "सरळ हाय का गं?"

चौकट डावीकडे चांगलीच कललेली होती.

"आहे," मी म्हटलं, "अगदी सरळ."

त्या खाली उतरल्या आणि आपल्या दारात गेल्या. चहा पिताना रोज ते मला समोर दिसतं. येणारे-जाणारे दाखवतात, तुमचं प्रमाणपत्र वाकडं झालंय म्हणून. मी म्हणते, हो, करायचंय सरळ. पण माझा हात काही त्याला लागत नाही.